अडीच टनांचं वर्ष

निवृत्तीला तीन महिने उरले होते. बारावीच्या वर्गात मी ज्वलनाची समीकरणं शिकवत होते. फळ्यावर स्वयंपाकाचा गॅस मांडला, दोन्ही बाजूंचे अणू जुळवले आणि उत्तर काढलं: एक किलो गॅस जळला की साधारण तीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मुलींना हे दरवर्षी खोटं वाटतं. एका किलोचे तीन किलो कसे होतील? मग मी सांगायची, की बाकीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. एका सिलिंडरमध्ये चौदा किलोंच्या वर गॅस असतो, म्हणजे बाहेर पडतात बेचाळीसच्या आसपास.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मिस, सगळं मिळून तुम्ही वर्षाला किती करता?"

वर्ग हसला. मी म्हणाले, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही, कारण मला माहीत नव्हतं. तीस वर्षं मी हा धडा शिकवत आले होते आणि माझ्या स्वतःच्या घराचा हिशेब मला कधी सुचला नव्हता. ती मुलगी परत विचारेल म्हणून मी काही दिवस तिसऱ्या बाकाकडे बघणं टाळलं. तिने विचारलं नाही. पुढे परीक्षा झाल्या, मुली गेल्या, मलाही शाल आणि हार घालून निरोप दिला, आणि तो प्रश्न तेवढा माझ्याबरोबर घरी आला.

तंजावरला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला असतो, घरात आम्ही दोघंच. यजमान टपाल खात्यातून माझ्या चार वर्षं आधी निवृत्त झाले. खात्याने त्यांना एक सवय लावली ती सुटली नाही: कागद टाकायचा नाही. विजेचं प्रत्येक बिल, गॅसची प्रत्येक पावती, स्कूटरमध्ये कधी किती पेट्रोल भरलं त्याची चिठ्ठी, सगळं तारेला टोचून भिंतीवर टांगलेलं. इतकी वर्षं मी त्यावरून त्यांना बोलत आले होते. आता मीच ती तार खाली उतरवली.

"काय शोधतेस?" त्यांनी विचारलं.

"गेल्या वर्षी आपण किती धूर केला ते."

ते चष्मा लावून शेजारी बसले. चार दिवस आम्ही तेच केलं. युनिटमागे किती, लिटरमागे किती, हे आकडे काही मी पुस्तकांतून काढले, काही जुन्या विद्यार्थिनींना विचारून. वहीत मी मराठीत लिहायचं ठरवलं. आमच्याकडे घरात मराठी बोलतात, पण लिहायचं म्हटलं की सगळ्यांचा हात तमिळकडे वळतो. मी लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या, म्हणून अक्षरं येत होती. 'वीज', 'गॅस', 'दूध', 'तांदूळ', 'स्कूटर', 'प्रवास' अशी पानं पाडली. यजमानांनी अक्षर बघून म्हटलं, "तिसरीतल्या पोरीसारखं आहे." खरंच तसं होतं.

बेरीज साडेतीन टनांच्या थोडी वर गेली. सगळ्यांत मोठा वाटा विजेचा, म्हणजे खरं तर एसीचा. गाईम्हशींच्या ढेकरांतला वायू धरून निघालेला दुधाचा आकडा बघून मी तो दोनदा तपासला. आणि एका ओळीत, एकाच आठवड्याच्या नावावर, पुण्याला नणंदेकडे विमानाने जाऊन आलो होतो ते होतं. तेवढी एक ओळ वर्षभराच्या सगळ्या सिलिंडरांहून जड निघाली.

"पुढच्या वर्षी अडीच टन," मी म्हणाले. "पोंगलपासून पोंगलपर्यंत."

"अडीचच का?"

"दोन जमणार नाहीत. तीन फार सोपे होतील."

"आणि हे तुला कोणी सांगितलं कर म्हणून?"

"कोणी नाही."

त्यांना हे आवडलं असावं. आयुष्यभर वरून आलेली परिपत्रकं पाळलेला माणूस. ज्याला वर कोणीच नाही असा नियम त्यांनी पहिल्यांदाच बघितला. त्यांनी वही पुढे ओढली आणि वाटाघाटी सुरू केल्या. स्कूटर फक्त रविवारच्या बाजाराला. दुपारचा एसी बंद. रात्रीचा एसी मे महिन्यात चालेल, तेही पहाटे उठून बंद करायचा. एका जागी मात्र ते अडले.

"कॉफी सोडून बोल."

"दिवसाला चार वेळा दूध..."

"अगो, कॉफी सोडून बोल म्हटलं ना."

कॉफी सोडून बोलले.

"आणि अक्काकडे जायचं झालं तर?" अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, पुण्याची.

"रेल्वेने."

"दोन दिवस?"

"निवृत्त माणसांना कसली घाई?"

त्यांना पटलं नव्हतं हे दिसत होतं.

पहिले तीन महिने सोपे गेले. मार्चच्या शेवटी ऊन तापलं तेव्हा आम्ही गच्चीला चुन्याचे दोन हात दिले आणि वर नारळाच्या झावळ्यांचा मांडव घातला. मांडव घालायला आलेला म्हातारा म्हणाला, "लग्न कोणाचं?" खालची खोली खरोखर थंड झाली, हात लावला तर छत पूर्वीसारखं भाजत नव्हतं. दुपारी आम्ही जमिनीवर चटई टाकून झोपायचो. एप्रिलमधल्या एका दुपारी मी भाजी घेऊन आले तर यजमान दारातच उभे.

"चाळीस मिनिटं," ते म्हणाले. "लिहून टाक."

"काय चाळीस मिनिटं?"

"एसी. तू गेल्यावर लावला. राहवलं नाही."

मला इतकं हसू आलं की पिशवी खाली ठेवावी लागली. दुसऱ्या दिवशी माझं डोकं दुखत होतं म्हणून मी स्वतः तासभर लावला आणि तेही लिहिलं.

भाताचं कळलं ते जूनमध्ये. 'तांदूळ' या पानावर आम्ही अंदाजाने घातलेला आकडा तपासावा म्हणून शेतकी खात्यात नोकरीला असलेल्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. मला वाटलं होतं, ट्रॅक्टरचं डिझेल आणि खत एवढंच असेल. ती म्हणाली, "मिस, भाताच्या शेतात पाणी साचून राहतं ना, त्याखालच्या चिखलाला हवा मिळत नाही. तिथे मिथेन तयार होतो. तुम्हीच शिकवला होता, दलदलीतला वायू म्हणून."

शिकवला होता. परीक्षेत दोन गुणांना यायचा. आमच्याकडे सकाळी इडली, दुपारी सांबारभात, रसमभात, ताकभात, संध्याकाळी दोसा. आणि तो सगळा तांदूळ येतो तिरुवैयारूच्या पलीकडच्या गावातून, आमच्याच दीड एकरातून. म्हणजे दलदल आमच्याच मालकीची होती.

ती जमीन एक बाई कसते. पन्नाशीची, उंच, मोपेडवरून फिरणारी. नवरा बसवर कंडक्टर आणि शेतीचं सगळं तिच्या हाती. दर हंगामाला आमच्या वाट्याची पोती पाठवते. माझ्या विद्यार्थिनीने सांगितलेली युक्ती साधी होती: भातात सतत पाणी उभं ठेवायचं नाही. पाणी जमिनीखाली वीतभर उतरू द्यायचं, मग पुन्हा भरायचं. फुलोऱ्याच्या वेळी मात्र कोरडं पडू द्यायचं नाही. खाली किती उतरलं ते कळायला एक प्लास्टिकची नळी चिखलात रोवायची, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडलेली. गल्लीतल्या प्लंबरकडून हातभर पाइप कापून आणला, खिळा तापवून मी भोकं पाडली आणि पिशवीत घालून शेतावर गेले.

धरणातून पाणी सुटलं होतं, कालवा भरून वाहत होता. कुरुवैची, म्हणजे पहिल्या छोट्या हंगामाची, लावणी नुकतीच झाली होती. बांधावर उभं राहून तिने माझं सगळं ऐकून घेतलं. आमचं बोलणं तमिळमध्ये होतं.

"टीचरम्मा," ती म्हणाली, "पाणी कधी येईल म्हणून आम्ही मे महिन्यापासून कालव्याकडे बघत बसतो. ते आलं, आणि आता तुम्ही म्हणता आटू दे?"

"सगळं नाही. जमिनीखाली वीतभर."

"जमिनीखालचं मला दिसणार कसं?"

मी नळी काढून दिली. तिने ती डोळ्याला लावून दुर्बिणीसारखं माझ्याकडे बघितलं आणि हसली.

"आणि पीक कमी आलं तर?"

"मग त्या खाचरातला आमचा वाटा तू ठेव."

तिला ते आवडलं नाही. "वाट्याचं राहू द्या. पाच खाचरं आहेत, शेवटचं तुम्हाला दिलं. पण दर तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन नळीत तुम्ही बघायचं. मी बघणार नाही. माझ्या मागे बाकीची चार आहेत."

अशी मी एकसष्टाव्या वर्षी एका खाचराला बांधली गेले. साडेसहाची गावाकडची बस पकडायची, कालव्याच्या पुलाशी उतरायचं, चपला हातात घेऊन बांधावरून चालत जायचं. यजमानांनी टपाल खात्यातली आपली जुनी लाकडी पट्टी दिली, नळीत बुडवून मोजायला. पहिल्या दोन आठवड्यांत मी दोनदा चिखलात बसले. एकदा नळीत डोकावले तर आतून एक छोटा खेकडा माझ्याकडे बघत होता. तो बाहेर यायला तयार नव्हता, आणि मला बोट घालायचा धीर नव्हता. शेवटी ती बाई आली, तिने नळी उपसून आपटली, खेकडा कालव्यात टाकला आणि नळी परत रोवली.

पहिल्यांदा पाणी उतरलं तेव्हा खाचराचा रंग बदलला. शेजारची चार खाचरं आरशासारखी, आणि आमचं तपकिरी, वर केसासारख्या बारीक भेगा पडलेलं. बांधावरून जाणारा एक शेतकरी थांबला. "तुमचं पाणी कोणी चोरलं का?" त्याने विचारलं. मी त्याला मिथेन समजावून सांगायला लागले. तो मान हलवत ऐकत राहिला आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्या बाईचा फोन आला.

"चहाच्या दुकानात माझ्या नवऱ्याला हसतात. म्हणतात, तुझ्या बायकोने शेताला उपास धरायला लावलाय."

मला वाईट वाटलं. माझ्या वहीसाठी तिने स्वतःचं हसं का करून घ्यावं? "पाणी सोड," मी म्हणाले. "झालं तेवढं पुरे."

तिने विचारलं, "नळीत किती उतरलं होतं काल?"

"वीत व्हायला दोन बोटं कमी."

"मग उद्या सोडू. हसू देत."

त्यानंतर मला नळीत बघायची गरज फारशी उरली नाही, कारण मी पोचायच्या आधीच ती बघून गेलेली असायची. तरी मी जात राहिले. पाणी नसलं की तण माजतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खुरपणीच्या बायका कुरकुरू लागल्या की हे एकच खाचर चारांएवढं काम मागतं. मग एक दिवस मीही त्यांच्यात उतरले. अर्धा दिवस टिकले. बायकांनी माझ्या वयाची, पगाराची, मुलाच्या लग्नाची चौकशी केली, भात कोणता आणि तण कोणतं हे मला चार वेळा दाखवलं, आणि तरीही मी भाताची रोपं उपटतेय हे बघून मला बांधावर बसवलं. घरी आले तर पाठ सरळ होईना. यजमानांनी तेल चोळत विचारलं, "हे वहीत कुठल्या पानावर जातं?"

खरं सांगायचं तर त्या सकाळी बसमध्ये बसताना कार्बन माझ्या डोक्यात नसायचा. शाळा सुटल्यावर घरात जी एक पोकळी झाली होती ती या बसने भरून काढली होती. सहा वाजता अंघोळ करून, केस विंचरून, कुठेतरी वेळेवर पोचायचं होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला कापणी झाली. कापणीचं यंत्र आलं तेव्हा एक गोष्ट सगळ्यांनी बघितली: बाकीच्या खाचरांत त्याची चाकं रुतत होती, आमच्या खाचरात जमीन घट्ट होती, ते सरळ निघून गेलं. पोती भरली. ती बाई बांधावर उभी राहून मोजत होती. मी विचारायला धजत नव्हते.

"सारखंच आलं," ती म्हणाली. "एखादं पोतं इकडे-तिकडे. तण मात्र दुप्पट."

"मग?"

"मग काय? पुढच्या कुरुवैला दोन नळ्या आणा."

"आणि आता सांबाला?" सांबा म्हणजे पावसातला लांब हंगाम, त्याची लावणी शेजारच्या शेतांत आधीच झाली होती.

तिने आभाळाकडे हात केला; ऐप्पसी, म्हणजे आमच्याकडचा ऐन पावसाचा महिना, तोंडावर आला होता. "ऐप्पसीच्या पावसाला कोण सांगणार, वीतभर खाली उतर म्हणून? तुम्ही सांगता?"

घरी येऊन मी विद्यार्थिनीला फोन केला: वहीत किती वजा करू? ती म्हणाली, मोजायची यंत्रं असल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, एका खाचराचं तर नाहीच. तीन महिन्यांच्या चिखलानंतर हे ऐकायला जड गेलं. मी त्या ओळीत आकडा घातला नाही, प्रश्नचिन्ह घातलं. ते अजून तसंच आहे.

नोव्हेंबरपर्यंत बेरीज दोन टनांच्या जरा वर होती आणि दहा आठवडे उरले होते. माझी छाती फुगली होती, हे कबूल करते. गल्लीतल्या दोघीतिघींना मी बोलावून वही दाखवली. एकीने विचारलं, "हे कोणाला दाखवायचं असतं? बक्षीस मिळतं?" मी नाही म्हणाले तर तिला माझी दया आली.

मग एका संध्याकाळी पुण्याहून भाच्याचा फोन आला. अक्का न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, परवा ऑपरेशन. वय एकोणऐंशी.

यजमानांची आई ते सहा वर्षांचे असताना गेली. त्यांना न्हाऊमाखू घालून शाळेत पोचवलं ते अक्काने. स्वतःचं लग्न तिने त्यापायी तीन वर्षं लांबवलं होतं. फोन ठेवून ते उठले, कपाट उघडलं, एक शर्ट काढला आणि तो हातात धरून तसेच उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"वहीचं काय?"

मला एकदम रडू आलं. बहीण इस्पितळात आणि हा माणूस माझ्या वहीची परवानगी मागतोय! एवढा धाक मी त्यांना लावला होता का?

"वही कपाटात आहे," मी म्हणाले. "तुम्ही बॅग भरा." आणि त्यांच्यादेखत त्रिची ते चेन्नई, चेन्नई ते पुणे अशी तिकिटं काढली. पहाटे टॅक्सीने ते गेले.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी अक्का फोनवर बोलल्या. आवाज बारीक होता, पण पहिलं वाक्य हेच: "इथल्या कॉफीला चव नाही गो." मी फोन ठेवला, वही काढली आणि विमान आणि टॅक्सी लिहिली. मनातल्या मनात बेरीज केली. अडीच टन आता होणार नव्हते. यजमान विमानानेच परतले तर पावणेतीनही ओलांडले जाणार होते. मला वाटलं होतं वाईट वाटेल. थोडं वाटलंही, पण ते गणिताच्या पेपरात एक गुण गेल्यासारखं. कारण शर्ट धरून उभा असलेला माणूस माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता. त्या दिवशी मी वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ वाढवली: 'माणसाला गरज पडली तर आधी निघायचं, मग लिहायचं.' शाळेत असते तर अशा वाक्याला मी लाल रेघ मारली असती, पण लिहिलं.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "मी रेल्वेने येतोय."

"अहो, दोन दिवस बसून? कंबर धरेल. विमानाने या, मी काही म्हणत नाही."

"हाड तिचं मोडलंय, माझं नाही. तिकीट काढून झालं."

स्टेशनवर घ्यायला गेले तर दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला आणि चेहरा असा की जणू तीर्थयात्रा करून आले. रिक्षात बसल्यापासून बोलत होते. सोलापूरला एक जोडपं चढलं, तिरुपतीला निघालेलं. जेवणाच्या वेळी यांनी त्यांना विचारलं, "अस्की जेवलात?" आमच्याकडे सगळे, सगळं, याला 'अस्की' म्हणतात. बाई गोंधळली. अस्की म्हणजे काय पदार्थ आहे, असं तिने विचारलं. मग तुम्ही कुठले, तंजावरचे, तिथे मराठी कशी, असं सुरू झालं ते दुपारभर संपलं नाही. "त्यांनी विचारलं, किती वर्षं झाली महाराष्ट्र सोडून? मी म्हटलं, तीनशे. ती बाई म्हणाली, अरे देवा, मग भूक लागली असेल! आणि ही एवढी शेंगांची चटणी दिली." चटणीचा डबा त्यांनी मांडीवर धरून आणला होता. तिरुपतीसाठी रेणिगुंट्याला ती दोघं उतरली तेव्हा यांनी त्यांचं सामान खाली दिलं, पत्ता लिहून घेतला.

घरी येऊन हातपाय धुतले, कॉफी घेतली आणि स्वतः कपाटातून वही काढली. 'प्रवास' या पानावर तमिळ अक्षरांत त्यांनी लिहिलं: रेल्वे. पुढे किलोमीटर. आकडा मी घातला. शेजारच्या विमानाच्या ओळीपुढे तो इतका लहान दिसत होता की त्यांनी चष्मा पुसून परत बघितला.

पोंगलच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटची बेरीज केली. अडीच टन आणि वर ब्याण्णव किलो.

"नापास," यजमान म्हणाले.

"ब्याण्णव किलोंनी."

"माझ्याहून तीस जास्त."

त्यांचं वजन बासष्ट आहे. आम्ही दोघंही हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात नव्या तांदळाचा पोंगल, म्हणजे सणाचा गोड भात, उतू गेला, गल्लीत सगळीकडून भांडी वाजली. शेतावरच्या बाईने ऊस पाठवला होता, तो खांबाला टेकवून ठेवला होता. मला कसलीच रुखरुख नव्हती. गेल्या वर्षापेक्षा जवळजवळ एक टन कमी झाला होता आणि त्यासाठी आम्ही काही गमावलंय असं मला आठवूनही सापडेना. गच्ची थंड होती, कॉफी चार वेळा होती.

मार्चमध्ये अक्का आमच्याकडे राहायला आल्या. भाचा विमानाने घेऊन आला. यावर घरात मोठी चर्चा झाली, की ते विमान कोणाच्या वहीत जायचं. अक्का म्हणाल्या, "माझी वही नाही, म्हणून ते कोणाच्याच वहीत नाही." मी ते आमच्या वहीत घातलं. मग यजमान म्हणाले, आता घरात तीन माणसं, तर तीन टन करू. मी पावणेतीन म्हटलं. तिघांत मतदान झालं आणि मी हरले.

डॉक्टरांनी अक्कांना रोज चालायला सांगितलं होतं, पण वॉकर धरून नुसतं इकडून तिकडे चालायचा त्यांना कंटाळा. "कुठे जायचं ते तरी सांगा," म्हणायच्या. एका सकाळी मी विजेच्या मीटरचा आकडा टिपायला निघाले तर म्हणाल्या, थांब, मी जाते. खोलीपासून मीटरपर्यंत अकरा पावलं आहेत, मध्ये एक उंबरा. पहिल्या दिवशी त्यांना जाऊन यायला पाव तास लागला आणि आकडा त्या वाटेतच विसरल्या. पुन्हा गेल्या. आता तिथे पोचल्या की तिथूनच ओरडतात, एकेक अंक सुटा करून, आणि मी स्वयंपाकघरातून परत म्हणून दाखवते. एखादा चुकला तर त्या माझ्यावर रागावतात.

"नऊ म्हटलं मी! नऊ! लिहिलंस का?"

"लिहिलं अक्का."

"मग उद्याचं उद्या," म्हणतात, आणि वॉकर वळवून परत निघतात.